हात न उगारणारा पिता

मुलावर कधीही हात न उगारणाऱ्या बापास क्रूर म्हणता येईल काय? छळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर छडी, वळ आणि उपासमार उभी राहते. यांपैकी घरात काहीच नसेल, मुलाच्या अन्नवस्त्रात उणे नसेल आणि पिता विद्वान म्हणून मान्यता पावलेला असेल, तर शेजारीपाजारी त्या घरास सुसंस्कृत ठरवून मोकळे होतात. मायकेल पॉवेल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘पीपिंग टॉम’ हा १९६० सालचा चित्रपट अशाच एका घराविषयी आहे.

एमरिक प्रेसबर्गर यांच्या जोडीने ‘द रेड शूज’ (१९४८) सारखी वैभवशाली चित्रे काढणाऱ्या पॉवेल यांनी हा चित्रपट त्या मानाने अल्प खर्चात केला. पटकथा लिओ मार्क्स यांची. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तकार्य विभागात सांकेतिक लिपीचे तज्ज्ञ होते. कथानायक मार्क लुईस हा लंडनमधील एका स्टुडिओत कॅमेऱ्यावर काम करणारा, लाजाळू, मृदुभाषी तरुण. तो स्त्रियांचे खून करतो आणि ते करताना त्यांचे चित्रण करतो. कॅमेऱ्याच्या तिवईच्या एका पायात टोकदार पाते दडवलेले; मरणाऱ्या स्त्रीस स्वतःचेच भयाकुल मुख दिसावे म्हणून आरसाही जोडलेला. एवढ्यावरून यास भयपट का म्हणतात ते कळते. आमच्या मते मात्र त्यातील खरे भय या खुनांत नाही.

ते आहे एका जुन्या, मूक फितीत. त्याच घरात भाड्याने राहणारी हेलन आपल्या एकविसाव्या वाढदिवशी मार्कच्या खोलीत येते आणि तो तिला वडिलांनी काढलेली आपल्या बालपणाची दृश्ये दाखवतो. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर अचानक प्रखर झोत पडतो. अंथरुणावर सरड्यासारखा प्राणी टाकला जातो. मृत आईच्या शय्येपाशी मूल उभे आहे आणि तेही टिपले जात आहे. पिता जीवशास्त्रज्ञ, भीतीचा मज्जासंस्थेवर काय परिणाम होतो, हा त्याच्या अभ्यासाचा विषय, आणि पोटचा मुलगा हे त्याचे साधन. त्यातून ग्रंथ सिद्ध झाले. ते मार्कच्या कपाटात ओळीने लावलेले आहेत.

रागाच्या भरात मारणारा बाप निदान पश्चात्तापास जागा ठेवतो. राग ओसरतो, वळ दिसतात, एखादे वेळी जवळही घेतले जाते. या प्रोफेसरापाशी राग नाही आणि म्हणून पश्चात्तापाचा प्रसंगही नाही. तो आपले कर्तव्यच बजावीत आहे! मूल भेदरून रडत असता हाताच्या अंतरावरील माणूस नुसता पाहत राहतो, तेव्हा त्या पाहण्यास तटस्थता म्हणावे, असे आम्हांस वाटत नाही. जे द्यावयाचे ते समजूनउमजून न देणे हीही कृतीच आहे. मार्क मोठेपणी पात्याने जे करतो, त्याचा पाठ त्याने या पाहण्यातूनच गिरवलेला आहे.

दप्तरात वावरणाऱ्या आमच्यासारख्यांस यातील आणखी एक गोष्ट विशेष बोचते. नोंद पुरी असली की सत्य हाती आले, असे आपण धरून चालतो. येथे नोंद अगदी पुरी आहे: चित्रफिती आहेत, घरातील खोल्याखोल्यांतून मुद्रित केलेले आवाज आहेत. परंतु नोंद करणारा तीत जवळजवळ नाहीच. सावत्र आईच्या हाती कॅमेरा असता तो एकदाच दिसतो, आणि तेव्हा मुलास तो काय भेट देतो? एक कॅमेरा. पुढे स्टुडिओत आलेला मानसोपचारतज्ज्ञ या प्रोफेसरांचे नाव आदरानेच घेतो. प्रतिष्ठेवर ओरखडाही नाही. मार्कविषयी पहिला संशय येतो तो हेलनच्या आईस, आणि ती तर आंधळी आहे.

कायद्यासही या प्रकारास नाव देण्यास वेळ लागला. इंग्लंडात मुलांच्या छळाविरुद्धचे कलम १९३३ च्या कायद्यात होते. परंतु छळ मानसिकही असू शकतो, हे त्या कलमात स्पष्ट शब्दांत आले ते २०१५ च्या दुरुस्तीने. चित्रपट त्याच्या पंचावन्न वर्षे आधीचा.

समीक्षकांनी तो लागताच त्यावर असा हल्ला चढविला की पॉवेल यांची स्वदेशातील कारकीर्द जवळपास उद्ध्वस्त झाली. पुढे १९७९ च्या सुमारास मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पाठिंब्याने तो पुन्हा लोकांपुढे आला. डिलिस पॉवेल या समीक्षिकेने (आडनाव एकच, नाते नाही) आपला जुना अभिप्राय १९९४ साली जाहीरपणे मागे घेतला. हे तिच्या मोठेपणास शोभलेच.

तथापि एक गोष्ट आम्हांस आजही सुखाने पाहवत नाही. त्या फितीतील पिता स्वतः मायकेल पॉवेल आहेत आणि भेदरलेले मूल त्यांचा मुलगा कोलंबा. यास आत्मपरीक्षण म्हणणारे म्हणोत. दिग्दर्शकाने आपणास आरोपीच्या जागी उभे केले, हे धैर्य खरे. पण शेजारी ज्यास उभे केले त्याच्या संमतीस त्या वयात काय अर्थ? कलेसाठी आणि शास्त्रासाठी यांत अंतर आहे, हे आम्ही मानतो. ते किती, हे त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहताना सांगवत नाही.

म्हणून मार्कला निर्दोष ठरवावे काय? नाही. ज्यांचा जीव गेला त्या स्त्रियांनी त्याच्या बापाचे काही देणे लागत नव्हते. चित्रपटही त्यास सोडत नाही. पोलीस दाराशी येतात तेव्हा तो त्याच पात्यावर स्वतःस झोकून देतो. कॅमेरेही चालू राहतील अशी व्यवस्था त्याने केलेली असते. त्यानंतर जुन्या ध्वनिफितीतून वडिलांचा शांत स्वर ऐकू येतो. भिण्यासारखे काही नाही, असे ते बजावतात. आणि मूल त्यांना आपला हात धरावयास सांगते.