सोसणे आणि थांबणे

कौतुक करणे ही मोठी सोपी गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. पण ते नेमके कशाचे, असे कुणी हटकले की आपली तारांबळ उडते. माझी तशी उडालेली आहे आणि तिला कारण माझी धाकटी बहीण.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिने लांब पल्ल्याच्या सायकलीचे वेड घेतले. या प्रकाराला ‘ब्रेव्हे’ म्हणतात, उगम फ्रान्समधला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, पंक्चर आपले आपण काढायचे. गंमत म्हणजे यात पहिला-दुसरा क्रमांक नाही. वेळेत पोचले ते सारे सारखे. बालवाडीतल्या लिंबू-चमच्यालाही जिथे तीन बक्षिसे ठेवावी लागतात, तिथल्या माणसाला हे नवलच वाटते.

आमच्या मामांना मात्र नवलही वाटत नाही नि कौतुकही. “एवढे पाय मारायचेच, तर शेतावर राब म्हणावं. चार दाणे तरी पिकतील!” ही थट्टा मला हसण्यावारी नेता येत नाही. पहाटे चारला, कोल्हापूरच्या पुढे, उसाने लादलेल्या बैलगाड्या दिसल्याचे तिनेच मला सांगितले होते. उसावर बसलेल्या बायका, एकीच्या कुशीत पोर. त्यांच्या जागरणाला ना शिक्का ना पदक. त्यांच्या नि तिच्या सोसण्यात कष्टांचा फरक असेल, तर तो त्यांच्याच बाजूने अधिक आहे. खरा फरक एवढाच, की तिला थांबता येते, त्यांना येत नाही. हौसेने पत्करलेल्या सोसण्याला आपण हार घालतो आणि लादलेल्या सोसण्यावरून नजर काढून घेतो. हे काही भूषणावह नव्हे. माझी बहीण हे जाणते. त्या गाड्यांची गोष्ट सांगताना तिने स्वतःच्या दुखऱ्या पायांचा उल्लेखही केला नाही.

थांबण्याची मुभा हीच तिची खरी श्रीमंती. ती तिने एकदा वापरली आणि तिथूनच घरात वाद सुरू झाला.

गेल्या हिवाळ्यात ती ६०० ला निघाली. शनिवारी सकाळी सहाला पुणे सोडले. रविवारी रात्री दहाच्या आत परत पोचायचे. सात वाजता मला फोन आला. “दादा, शिरवळपाशी आहे. गाडी घेऊन ये. डोळे मिटताहेत.” साडेपाचशे किलोमीटर झाले होते, सुमारे पन्नास उरले होते. जरा डुलकी काढावी तर वेळ हातची जाणार. मी पोचलो तेव्हा ती एका टपरीच्या बाकावर बसून दुसरा वडापाव खात होती. रडली नाही, की हसून साजरेही केले नाही. गाडीत बसताक्षणी झोपली.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, “एवढं केलंस, आणि पन्नास किलोमीटरसाठी हाय खाल्लीस?” ती म्हणाली, “मामा, रस्त्यावर मी एकटी नव्हते. झोपेत मी कुणा ट्रकखाली गेले असते, तर त्या ड्रायव्हरनं जन्मभर काय करायचं?”

त्या उत्तरापासून माझ्या मनातले तिचे स्थान उंचावले. इथेच माझी पंचाईत होते. मी जर तिच्या चिकाटीचे कौतुक करीत होतो, तर चिकाटी सुटली त्या रात्री ते कमी व्हायला हवे होते. प्लेटोच्या एका संवादात लॅकीज नावाचा सेनापती धैर्य म्हणजे चित्ताची सहनशीलता, अशी व्याख्या करतो. मूर्खपणाने सोसलेलेही त्यात धरायचे का, असे सॉक्रेटिस विचारतो. लॅकीज नको म्हणतो. मग सॉक्रेटिस त्याच्याच तोंडून वदवून घेतो, की पोहण्याची कला नसताना विहिरीत सूर मारणारा त्याला पट्टीच्या पोहणाऱ्याहून अधिक धीट वाटतो! संवाद निर्णय न होताच संपतो. अडीच हजार वर्षांमागचा तो सेनापती आणि आमचे मामा यांत फारसे अंतर नाही. आणि खरे सांगायचे तर टाळ्या वाजवणाऱ्या कोणत्याच गर्दीत नाही.

आरती साहा यांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली. असे करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. ही तारीख पुस्तकांत सापडते. त्याच्या महिनाभर आधी, चौदा तासांहून अधिक पोहून, किनारा अवघ्या काही मैलांवर असताना त्यांना पाण्याबाहेर यावे लागले होते. ती तारीख कुणाच्या ध्यानात राहते? आणि राहिलीच, तर ती दुसरीच्या पुण्याईने. माझ्या बहिणीला दुसरी तारीख अजून मिळालेली नाही. कदाचित मिळणारही नाही. तिचा गुडघा हल्ली कुरकुरू लागला आहे.

एक विचार मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. त्या रात्री ती तशीच पेंगत पुढे गेली असती आणि दैवाने सुखरूप पोचली असती, तर? आम्ही सारे जण तिला न्यायला गेलो असतो. मामांनीही पाठ थोपटली असती. मी पेढे वाटले असते आणि शेवटचे पन्नास किलोमीटर तिने कसे कापले हे भेटेल त्याला अभिमानाने सांगत सुटलो असतो.