कुलूप आणि कलावस्तू

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चहापत्ती ठेवण्यासाठी घडवलेले चांदीचे डबे आज संग्राहकांच्या कपाटांत कलावस्तू म्हणून विराजमान आहेत. 'कॅडी' हे त्यांचे नाव 'काटी' या सुमारे ६०० ग्रॅमच्या मलय वजनावरून आले. चहावरील कर १७८४ साली ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर उतरला; तोवर हा ऐवज जपण्याजोगाच होता. म्हणून डब्याला, किंवा तो ज्या पेटीत ठेवीत तिला, कुलूप असे. किल्ली मालकिणीपाशी राही. पत्ती मोजून घेण्याचा शिंपल्याच्या घाटाचा चमचा शोभेचाही होता आणि मापाचाही.

परंतु केवळ महागाईने कुलपाचा अर्थ संपत नाही. चहाचे आधण ठेवणाऱ्या हातांविषयीचा अविश्वास त्यात घडवलेला आहे. मग सौंदर्यास्वाद घेताना या अर्थाचे काय करायचे?

संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जाचातून मुक्त करतो, असे वाल्टर बेन्यामिनने मानले. पण उपयोगातून सुटलेला डबा अविश्वासातून सुटतो काय? तो पुन्हा कुलूपबंद कपाटातच जातो. फक्त पहारा आता पत्तीऐवजी डब्यावर असतो. त्यावरील सिंहाचा छाप चांदीच्या शुद्धतेची ग्वाही देतो, मालकीच्या शुद्धतेची नव्हे.

यावरून संग्रह करणे गैर ठरत नाही. मात्र नक्षी आणि कुलूप ही एकाच वस्तूची अंगे आहेत. त्यांपैकी एकाचेच वर्णन करणारी समीक्षा रसिकतेच्या नावाखाली मालकिणीचीच बाजू घेत असते.