शिष्टाचार : थोरांसाठी की सर्वांसाठी?

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, सारंगखेडा येथे तापीकाठी दर्शनाची जी रांग लागते, तिच्यात नंदुरबार जिल्ह्याचे सारे समाजजीवन एका ओळीत उभे असलेले दिसते. शहाद्याकडील शेतकरी, तळोद्याचा व्यापारी, धडगावच्या पाड्यावरून आलेले वृद्ध जोडपे, घोडेबाजारासाठी परप्रांतातून आलेला सौदागर, सुरतेहून सुटी काढून गावी आलेला कामगार, अशा सर्वांची दृष्टी एकाच गाभाऱ्याकडे लागलेली असते. एकमुखी दत्तप्रभूंसमोर पोहोचताच प्रत्येकाचे हात आपोआप जुळतात व मस्तक लवते. देवापुढे नम्र होणे कोणालाही जड जात नाही. प्रश्न उद्भवतो तो त्याआधीच्या तासाभरात, मागे-पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या बाबतीत. ज्या हातांनी देवाला नमस्कार केला, त्याच हातांनी काही क्षणांपूर्वी पुढच्या वृद्धेस बाजूला सारले असेल, तर त्या नमस्काराचे मोल काय राहिले?

‘शिष्टाचार’ या शब्दाचा मूळ अर्थ शिष्टांचा, म्हणजे सुजाण व संस्कारी माणसांचा, आचार असा आहे. कालांतराने या शब्दास दुसरीही एक छटा चिकटली. शासनात ‘राजशिष्टाचार’ असा विषयच आहे. कोणत्या पाहुण्यास कोणती खुर्ची, कोणाचे स्वागत कोणी करावे, याचे नियम त्यात ठरलेले असतात. राज्यकारभारास अशा नियमांची गरज असते. परंतु सामान्य व्यवहारातही शिष्टाचार म्हणजे मोठ्या माणसांना द्यावयाचा मान, अशी समजूत हळूहळू रूढ झाली आहे. साहेब आले की उभे राहावे, पुढारी आले की हार घालावा, देणगीदार आले की पाणी विचारावे. हे सर्व योग्यच आहे. मात्र ज्याच्याकडून काही मिळावयाचे नाही आणि जो रागावला तरी काही बिघडावयाचे नाही, अशा माणसाशी कसे वागावे, या ठिकाणी शिष्टाचाराची खरी कसोटी लागते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मनात आदर नसताना वरवर गोड बोलणे म्हणजे ओठांत एक आणि पोटात एक असा प्रकार होय. त्यापेक्षा फटकळ पण प्रामाणिक माणूस बरा, असे अनेकांस वाटते. हा आक्षेप क्षुल्लक नाही. फसविण्यासाठी केलेले गोड बोलणे हे पापच आहे. परंतु स्वतःचा राग, कंटाळा किंवा थकवा समोरच्या निरपराध माणसावर न काढणे यास ढोंग म्हणता येणार नाही. दिवसभराच्या प्रवासाने शिणलेला यात्रेकरू धर्मशाळेच्या सेवकाशी सौम्यपणे बोलतो, तेव्हा तो आपला शीण लपवीत नाही, तर त्या शिणाचा भार दुसऱ्यावर टाकीत नाही. शिष्टाचार हा मनाच्या चढउतारांपासून दुसऱ्याचे रक्षण करणारा बांध आहे. शिवाय आचाराने मनही घडत जाते. मूल प्रथम हात जोडावयास शिकते आणि त्या हात जोडण्याचा अर्थ त्यास पुढे उमगतो.

खानदेशच्या भूमीत या विचारास मोठी परंपरा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात आचार्य विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचा विचार आला आहे. बोलणे खरे असावे, परंतु त्याबरोबरच ते ऐकणाऱ्याच्या मनास उद्वेग न देणारे, प्रिय आणि हिताचे असावे, असा त्याचा आशय आहे. सत्य आणि सौजन्य यांपैकी एकाचीच निवड करावी, असे गीता सांगत नाही. दोन्ही एकत्र साधणे कठीण आहे, म्हणूनच त्यास तप म्हटले आहे. साने गुरुजी १९२० च्या दशकात अमळनेर येथे शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरीत, हे सर्वविदित आहे. शिस्तीचे धडे तोंडाने देण्याआधी त्यांनी ते हातांनी दिले.

मान देण्याचा प्रश्न आपल्या भाषेतही दडलेला आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. नंदुरबार जिल्ह्यात मराठीबरोबर अहिराणी, भिलोरी, पावरी, मावची, गुजरी अशा अनेक बोली नांदतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. बोली बदलते तशा मानाच्या पायऱ्याही बदलतात. अनेक घरांत वडीलधाऱ्यांशी एकवचनात बोलण्याची रीत आहे आणि तीत अनादराचा लवलेश नसतो. प्रमाण मराठी बोलणाऱ्यांनाही हे नवीन वाटू नये, कारण तेही आईला ‘तू’ म्हणतात आणि देवाला तर सर्वच जण ‘तू’ म्हणतात. पाड्यावरून आलेल्या एखाद्या आजोबांनी अधिकाऱ्यास ‘तू’ म्हटले, तर तो उद्धटपणा नव्हे. ते त्यांच्या घरचे बोलणे आहे.

त्याच आजोबांना खिडकीपलीकडून ‘ए, तिकडे सरक’ असे ऐकावे लागते आणि लगेच मागून आलेल्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांतील गृहस्थास ‘या साहेब, बसा’ असे म्हटले जाते, तेव्हा मात्र त्या एकवचनाचा अर्थ पालटतो. तेथे ‘तू’ हा शब्द जवळीक सांगत नाही, तो माणसाची पायरी दाखवून देतो. असा प्रसंग कचेरीत, दवाखान्यात, दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर आणि दुर्दैवाने देवाच्या दारीही घडू शकतो. बोलणाऱ्यास तो पाच मिनिटांत विसरता येतो. ऐकणारा मात्र तो पाड्यापर्यंत बरोबर घेऊन जातो आणि पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढताना त्याचे पाऊल अडखळते. अशा शब्दाचे ओझे किती असते, हे ज्याला ते वाहावे लागले त्यालाच ठाऊक असते.

याउलट, दोन्ही बाजूंनी सारख्या असणाऱ्या रीतीही आपल्याकडे आहेत. खेडोपाडी ‘राम राम’ म्हटले की उत्तरही ‘राम राम’ असेच येते. आदिवासी बांधवांच्या ‘जोहार’ला उत्तर ‘जोहार’नेच दिले जाते. या अभिवादनांत मोठ्यासाठी एक शब्द आणि लहानासाठी दुसरा असा भेद नाही. पंढरीच्या वाटेवर तर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात व परस्परांस ‘माऊली’ म्हणतात. तेथे वय, विद्वत्ता वा संपत्ती विचारली जात नाही. ज्याच्या पाया पडावे, तोही वाकून पाया पडतो. मान देणारा आणि मान घेणारा हा भेदच या रीतीने पुसून टाकला आहे. शिष्टाचाराचे याहून सुंदर रूप क्वचितच आढळेल.

मात्र येथेही एक वेदनादायक सत्य विसरून चालणार नाही. ज्या पंढरीच्या वाटेवर सर्वांना माऊली म्हटले जाई, त्याच पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना शतकानुशतके बंद होते. ते उघडावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. यावरून असा बोध होतो की, उत्तम रीतही एखाद्या अदृश्य रेषेपाशी येऊन थांबू शकते. आपले सौजन्य नेमके कोणापाशी येऊन थांबते, हे प्रत्येकाने शांतपणे पाहावे. तेथेच आपल्या संस्काराची सीमा असते.

आता पुन्हा दर्शनाच्या रांगेकडे वळू. आज अनेक देवस्थानांत शुल्क भरून जलद दर्शनाची सोय असते. गर्दीचे नियोजन व विकासकार्यासाठी निधी अशी तिची कारणे सांगितली जातात आणि तिच्याविषयी मतभेदही आहेत. ते मतभेद कसेही मिटोत; पण जलद मार्गाने जाणाऱ्याने ताटकळत उभ्या असलेल्यांकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवावयाचा आहे. देणगीच्या पावतीत संस्थेची कृतज्ञता असते. त्या पावतीने माणूस देवाच्या अधिक जवळ जात नाही. लाख रुपये देणारा आणि ओंजळभर धान्य वाहणारा, या दोघांनीही आपल्या ऐपतीप्रमाणे दिलेले असते. खऱ्या दात्यास हे सांगावे लागत नाही. रांगेत उभा राहून मागच्या लेकुरवाळीस ‘ताई, तुम्ही पुढे व्हा’ असे म्हणणारे देणगीदार पाहिले की दान या शब्दाचा पूर्ण अर्थ कळतो.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. रांगेत पुढे जाणे ही कृती एकच असते. ती स्वतःच्या बळावर केली तर उद्धटपणा ठरते आणि दुसऱ्याने आपण होऊन जागा दिली तर तेच सौजन्य ठरते. वृद्ध, अपंग, आजारी, गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांना पुढे जाऊ देणे ही रांगेची मोडतोड नसून तिची शोभा आहे. मात्र ‘आम्ही लांबून आलो आहोत’ हे कारण पुढे करताना पुढचा माणूस कदाचित पायी आला असेल, याचाही विचार व्हावा.

गर्दीतील शिष्टाचार केवळ शोभेपुरताच नसतो. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे यात्रेच्या दिवशी झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविकांना प्राण गमवावे लागले. अशा दुर्घटनांचा दोष भाविकांवर टाकणे अन्यायाचे होईल. अरुंद वाटा, निसरड्या पायऱ्या आणि अपुरी व्यवस्था यांची जबाबदारी व्यवस्था पाहणाऱ्यांचीच असते व सौजन्याने ती भरून निघत नाही. तरीही गर्दीतील प्रत्येकास एक गोष्ट करता येते. मागून रेटू नये, पडलेल्यास ओलांडून जाण्याऐवजी थांबून हात द्यावा आणि बाहेर येणाऱ्यास आधी वाट द्यावी. एरवी साधी वाटणारी ही वागणूक कठीण प्रसंगी कोणाचा तरी जीव वाचवू शकते.

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. काशीची यात्रा येथे आल्यावाचून पूर्ण होत नाही, अशी श्रद्धा आहे. येथे काही जण देवदर्शनासाठी येतात, तर काही जण आप्ताच्या निधनानंतरचे विधी करण्यासाठी. एकाच घाटावर एका कुटुंबाचा आनंद व दुसऱ्याचे दुःख शेजारी असते. अशा ठिकाणी मोठ्याने हसणे, भ्रमणध्वनीवर उंच आवाजात बोलणे, विधी चालू असताना छायाचित्रे टिपणे यांस कायद्याने मनाई असेल वा नसेल, सुजाण माणूस ते टाळतो. दुःखी माणसाची ओळख नसली तरी त्याच्या दुःखास वाट देता येते. काही वेळा गप्प राहणे हाच सर्वांत मोठा शिष्टाचार असतो.

सातपुड्यातील अस्तंबा शिखराची यात्रा दिवाळीत भरते. अरुंद डोंगरवाटेने हजारो भाविक अश्वत्थाम्याच्या दर्शनास जातात. चिरंजीव अश्वत्थामा आपल्या मस्तकावरील जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी लोकश्रद्धा आहे. या श्रद्धेत एक मोठी शिकवण सामावलेली आहे. वाटेत भेटणारा, मळक्या कपड्यांतला, काहीतरी मागणारा अनोळखी माणूस नेमका कोण, हे कोणासही ठाऊक नसते. त्याची ओळख पटल्यावर त्यास मान द्यावा, असे म्हटले तर वेळ निघून जाते. मान आधी द्यावा लागतो.

यात्रा एक-दोन दिवसांची असते. माणसांत राहणे मात्र आयुष्यभराचे असते. परतीच्या एस.टी.त जागा देताना, हॉटेलात पाणी आणून देणाऱ्या मुलाशी बोलताना, आजाऱ्यास भेटावयास गेल्यावर वेळेचे भान ठेवताना, घरी भांडी घासणाऱ्या बाईंना नावाने व आदराने हाक मारताना देवळातील नम्रतेची परीक्षा पुन्हा पुन्हा होते. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मागे राहणाऱ्यास एकटे वाटू नये, ही काळजी त्या एका शब्दात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे.

दर्शन घेऊन परतणाऱ्या प्रत्येक भाविकाने प्रसादाबरोबर एवढा एक संकल्प घरी न्यावा. ज्याच्याकडून काही मिळावयाचे नाही, अशा एका तरी माणसाला रोज मनःपूर्वक ‘राम राम’ घालावा आणि त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबावे.