आजीसाठी उघडलेली वाट

दोहामध्ये एखादे अश्लील संकेतस्थळ उघडू पाहिले, तर पडद्यावर ते रोखल्याची सूचना येते. कतारमध्ये ही चाळणी दूरसंचार कंपन्यांच्या पातळीवरच, सगळ्या घरांसाठी सारखी लावलेली आहे; त्यामुळे इथल्या मराठी आईबापांच्या मनात एक निर्धास्तपणा रुजतो, आणि जे काम शासनाने अंगावर घेतले ते आता आपले उरले नाही, अशी समजूत नकळत घर करते. त्या निर्धास्तपणाचीच मला काळजी वाटते.

चाळणीला पहिले भोक पडले ते मायेपोटी. व्हॉट्सअ‍ॅपवरचे थेट बोलणे इथे बराच काळ अडवलेले राहिले, आणि साताऱ्यातल्या आजीचा चेहरा दिसावा म्हणून कितीतरी घरांनी फोनवर व्हीपीएन घेतले. शुक्रवारी सकाळी आईच्या फोनच्या कोपऱ्यात किल्लीचे चिमुकले चिन्ह उमटते, आजी विचारते, "जेवलास का रे?", आणि बारा वर्षांचा नातू, ज्याला व्हीपीएन चालू-बंद करणे आईपेक्षा सफाईने जमते, हसून मान डोलावतो. ज्या वाटेने आजी येते त्याच वाटेने उरलेले जगही येऊ शकते. व्हीपीएनच्या कूटबद्ध प्रवाहाच्या पोटात काय आहे, हे चाळणीला दिसत नाही. ब्रिटनने जुलै 2025 मध्ये प्रौढांच्या संकेतस्थळांवर वयाची पडताळणी सक्तीची केली, तेव्हा तिथेही व्हीपीएनची मागणी एकाएकी उसळली.

चाळणी व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. चित्रफिती पाहता पाहता भलतीकडे घसरणाऱ्या सहा वर्षांच्या बाळाला ती खरोखर वाचवते. पण जे मूल चुकून नव्हे, शोधत जाते, त्याच्या मनात एक प्रश्न असतो. आणि प्रश्न रोखण्याचे यंत्र कुठल्याच राज्याजवळ नाही. मला अशा वेळी र. धों. कर्वे आठवतात. 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने लढले, तरी शिक्षा टळली नाही. घरात विचारता न येणारे प्रश्न लोक तेव्हा एका परक्या, पण सज्जन आणि जाणत्या माणसाला लिहून विचारत होते. आज तो परका म्हणजे पडदा, आणि त्याला मुलाच्या हिताशी काही देणेघेणे नाही.

म्हणून दोहातल्या आईबापांना माझी विनंती आहे : चाळणी राहू द्या, पण मुलाने अवघड काही विचारले तर "मोठा झालास की कळेल" म्हणू नका, त्याच दिवशी, त्याला समजेल असे, खरे उत्तर द्या.