दुसऱ्याची शिल्लक

बँकेत चिकटून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट अंगात पक्की मुरली : एकाच्या खात्यातली शिल्लक दुसऱ्याला सांगायची नाही. सख्खा भाऊ काउंटरशी येऊन "आमच्या दादाचे किती पडून आहेत हो?" असं लाडीगोडीनं विचारू लागला, तरी आम्ही मख्ख चेहऱ्यानं पंख्याकडे बघतो.

पण हाच मी मंगल कार्यालयात शिरलो, की तो नियम चपलांबरोबर बाहेर ठेवतो. तिथं प्रत्येक बाईची शिल्लक जाहीर वाचली जाते. "अगंबाई, केवढी सुटलीस!" ही वजनाची नोंद. "हिला चाळिशी लागली असेल ना?" ही वयाची. "या वयात पंजाबी ड्रेस?" ही कपड्यांची. एखादी बारीक झाली, तर "सासरी जेवायला घालत नाहीत वाटतं!" बँकेत शिल्लक कमी पडली तरच भुर्दंड बसतो, इथं जास्त झाली तरी बसतो.

माझंही पोट गेल्या दहा वर्षांत बरंच पुढं गेलं (बढती मात्र जागच्या जागी आहे). पण त्याला लोक 'खात्यापित्या घरचा' म्हणतात. माझे पांढरे केस म्हणजे अनुभव, आमच्या हिचे म्हणजे हयगय. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. हिशेबात जमिनीवर घसारा धरत नाहीत, खुर्च्या-टेबलांवर धरतात. समाजानं पुरुषाला जमिनीच्या खात्यात टाकलंय आणि बाईला फर्निचरच्या!

ही नुसती थट्टा नाही. एअर इंडियात एके काळी हवाई सुंदरीनं ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं असा नियम होता. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी झाली तर ४५ पर्यंत. त्याच विमानात तेच ट्रे फिरवणारे पुरुष मात्र ५८ पर्यंत. पहिल्यांदा दिवस गेले, की तिची नोकरीही गेली. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं ही गर्भारपणाची अट आणि ती मर्जी रद्द केली. पण पहिली चार वर्षं लग्न करायचं नाही, ही अट राहू दिली. पुढं २००९ साली वजन जास्त म्हणून काही जणींना घरी पाठवण्यात आलं. विमान तेच, आभाळ तेच, घसारा मात्र एकीकडेच!

हे सगळं मी डब्याच्या वेळी तावातावानं सांगत असे. मग गेल्या मे महिन्यात एका लग्नात एका काकूंनी आमच्या पंधरा वर्षांच्या धाकटीला दंडाला धरून म्हटलं, "हिला जावई भक्कम बघावा लागणार हं!" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. सवयीनं. धाकटीनं हातातली जिलबी गुपचूप ताटात ठेवली.

त्या दिवसापासून घरात दुसरी पोळी बंद. भर उन्हाळ्यात लांब बाह्या. मी म्हटलं, "अगं, त्या प्रेमानं बोलल्या."

ती म्हणाली, "बाबा, तुम्हीपण हसलात."

त्या रात्री मी 'प्रेमानं' हा बचाव नीट तपासला. मी उद्या प्रेमानं कुणाची शिल्लक चारचौघांत सांगितली, तर साहेब माझा हेतू विचारणार नाहीत. सरळ मेमो हातात ठेवतील. बरं, आकडा खरा होता म्हणावं, तर शिल्लकही खरीच असते! डॉक्टरनं वजन सांगावं, कारण तिथं ती स्वतः विचारायला गेलेली असते. तेव्हा बोललेलं खरं की खोटं, हा प्रश्नच नाही. खातं कुणाचं, हा प्रश्न आहे.

परवा पुन्हा एका लग्नाला गेलो. आमच्या एका सहकाऱ्याच्या सौभाग्यवती समोर आल्या. वर्षभरात त्या... पण जाऊ द्या. जिभेच्या टोकावर आलेला आकडा गिळला आणि विचारलं, "पंगत बसली का?"

त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की मलाच चुकल्यासारखं झालं.

धाकटीनं अजून दुसरी पोळी मागितलेली नाही. ही रोज एक जास्तीची पोळी डब्यात ठेवते. कधी ती संपते, कधी उरते. मी मोजत नाही. ज्याचं पोटच मोजण्यावर चालतं, त्याला हे किती जड जातं, ते माझं मला ठाऊक!