पांघरायची आठवण

अलाबामा नदी विलकॉक्स काउंटीत एके ठिकाणी इतकी वळते, की मधल्या जमिनीला तिन्ही बाजूंनी पाणी लागतं. त्या वळणावरची वस्ती म्हणजे गीज बेंड. सरकारदरबारी नाव बॉयकिन; स्वतःची नगरपालिका नाही. इथे घरोघरी पेटवे हे आडनाव भेटतं. पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मळेवाल्याचं ते आडनाव.

१९४२ साली इथल्या मिसूरी पेटवे यांनी नुकत्याच वारलेल्या नवऱ्याचे शेतावरचे कपडे घेतले, मुलगी आर्लोन्झियाला हाताशी धरलं आणि गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी, ती मायेनं अंगावर घेता यावी, एवढंच मनात होतं, असं मुलीनं पुढे सांगितलं.

वस्ती बॅप्टिस्ट, देवभोळी. गेलेला माणूस देवापाशी आहे असं मानणाऱ्या बाईला त्याच्या जुन्या कपड्यांचा आधार का लागावा? श्रद्धा कमी पडली म्हणून, असं कुणी म्हटलं तर तो अन्याय होईल. ख्रिस्ती धर्मानं पुनरुत्थान सांगितलं ते देहाचं, नुसत्या आत्म्याचं नव्हे. मग त्या देहाच्या घामानं भिजलेलं कापड जपणं श्रद्धेला धरूनच झालं.

देहाची ही किंमत नदीपलीकडे, त्याच येशूला भजणाऱ्यांनी ठेवली नाही. गीज बेंडची काळी माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडच्या कॅमडेनला जाऊ लागली, तेव्हा १९६२ मध्ये नदी ओलांडायची फेरीबोट बंद पाडली गेली. समोर दिसणाऱ्या काठावर जायला तासाभराचा वळसा. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग इथल्या चर्चमध्ये येऊन बोलले. फेरीबोट मात्र पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये.

तोवर गोधड्या पार न्यूयॉर्कला पोचल्या होत्या. २००२ मध्ये आधी ह्यूस्टनच्या आणि मग व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतींवर लागल्या, लोकांनी त्यांना आधुनिक चित्रांच्या पंक्तीला बसवलं. गावात विरलेल्या गोधड्या डास पळवायला जाळतही असत, त्या मानानं त्या वाचल्या हे खरंच. पण मायेनं पांघरायला शिवलेल्या गोधडीला आता कुणी हात लावायचा नाही, ही हानीही तेवढीच खरी आहे. थंडीत तिच्याखाली शिरणाऱ्याला जे कळायचं, ते समोर उभं राहून पाहणाऱ्याला कळणार नाही.

तरी डोळ्यांना दिसतं तेही थोडं नाही. गीज बेंडच्या डेनिमच्या गोधड्यांत उन्हानं विटलेल्या निळ्यावर मध्येच एखादा गडद चौकोन असतो. तिथे विजारीचा खिसा होता.