माणसात येणे

सुटी लागली की शहरातील सुशिक्षित कुटुंबे माथेरान वा महाबळेश्वर गाठतात, आणि चार दिवस झाडांच्या सावलीत घालवून परतल्यावर ‘आता कुठे माणसात आलो’ असे म्हणतात. माणसे सोडून गेल्यावर मनुष्य माणसात येतो, हा चमत्कार थोडा तपासून पाहण्याजोगा आहे.

सुधारणेच्या ओझ्याखाली आपला मूळचा मनुष्य दडपला जातो, हे मत युरोपात मोठ्या आवेशाने मांडले ते रूसोने. कला व शास्त्रे यांच्या उत्कर्षाने नीती बिघडली, असे प्रतिपादणाऱ्या त्याच्या निबंधास 1750 साली दिजाँच्या विद्वत्सभेचे पारितोषिक मिळाले. पुढे 1755 साली प्रसिद्ध झालेल्या विषमतेवरील निबंधात त्याने नैसर्गिक मनुष्याची एक खूणही सांगितली. ती खूण म्हणजे दया. दुसऱ्याचे दुःख पाहताच विचाराच्या आधी जी कळ उठते, ती निसर्गाची देणगी; आपल्या खिडकीखाली खून होत असता कानांवर हात ठेवून मनाची समजूत घालणे मात्र तत्त्वज्ञासच साधते, असा त्याचा आशय आहे. याच रूसोने आपली पाच अपत्ये जन्मताच अनाथालयात धाडल्याची कबुली दिली आहे, आणि आपल्या समर्थनार्थ कारणेही सांगितली आहेत! निसर्गाचा हा कैवारी स्वतःच्या घरात तत्त्वज्ञच ठरला. पण त्यामुळे त्याची खूण खोटी ठरत नाही. उलट ती किती सहज पुसली जाते, हेच दिसते.

अमेरिकेतील थोरो 1845 साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. पुढच्या वर्षी दुरुस्तीस टाकलेला जोडा आणण्यासाठी तो गावात आला असता, गुलामगिरीस पाठीशी घालणाऱ्या सरकारास कर देण्याचे नाकारल्याबद्दल त्यास एक रात्र तुरुंगात काढावी लागली. तळ्याकाठच्या एकांताने त्याचे कान बंद केले नव्हते.

एकांत नको, असे आमचे म्हणणे नाही. गलबल्यात बधिर झालेले मन रानात शुद्धीवर येते, हा आमचाही अनुभव आहे. परंतु त्याची परीक्षा रानात होत नाही, परतल्यावर होते. थंड हवेत ताजेतवाने होऊन आलेले आम्ही, भिंतीपलीकडच्या घरात मध्यरात्री कोणी रडू लागले, तर उठून दार ठोठावतो की ‘आपल्याला काय करायचे?’ म्हणून कूस बदलतो? उठलो, तरच आम्ही माणसात आलो; एरवी नुसते माथेरानहून आलो.